नव्या गावी बदली झाली, डोंगर कुठे शोधायचा? खानदेशातल्या भटकंतीची तयारी, क्रमाने

जून संपत आला की मला हमखास फोन येतात. कुणी बँकेच्या बदलीवर जळगावला आलेलं असतं, कुणी धुळ्याला कॉलेजात नोकरी धरलेली असते, कुणाचा नवरा भुसावळला रेल्वेत असतो. प्रश्न एकच: "जवळपास चालायला, चढायला कुठे जायचं?" माझं उत्तर येईपर्यंत निम्म्या लोकांनी इंटरनेटवरची दहा ठिकाणांची यादी उघडून रविवारी गाडीही काढलेली असते. दुपारी बाराला पायथ्याशी पोहोचतात, देवळापाशी डबा खातात, उन्हाने हैराण होऊन परत येतात आणि "खानदेशात काही नाही" असं ठरवून मोकळे होतात. हे ऐकलं की वाईट वाटतं. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग आणि पश्चिमेला साक्रीकडे सह्याद्रीचे फाटे असलेला हा मुलूख आहे.

चूक होते ती क्रमात. ठिकाण आधी ठरतं. वेळ, दिशा, ऋतू आणि वाट यांचा विचार नंतर होतो, किंवा होतच नाही. खालचा क्रम त्याच्या उलट आहे आणि ठिकाण त्यात बरंच उशिरा येतं.

१. आधी घड्याळ

कागदावर तुमच्या सुट्टीचा खरा हिशोब मांडा. किती वाजता घर सोडता येतं आणि किती वाजता परत यायलाच हवं? मधल्या तासांतून चालायला किमान चार तास वेगळे काढा. उरलेल्या वेळाचा निम्मा म्हणजे एका बाजूचा प्रवास. सकाळी साडेपाचला निघून दुपारी एकला घरी यायचं असेल, तर हातात साडेसात तास आहेत. चालण्याचे चार गेले, चहा-डब्याचा अर्धा गेला, राहिले तीन. म्हणजे एका बाजूला दीड तास.

आता नकाशावर घरापासून गोल काढा. शहरातून बाहेर पडायचा वेळ धरून आपल्याकडच्या रस्त्यांवर दीड तासात साठ-पासष्ट किलोमीटर होतात. महामार्गाचं काम चालू असेल तर पन्नासच धरा. जळगावच्या माणसाला एवढ्यात यावलच्या बाजूचा सातपुडा सहज येतो आणि अजिंठ्याचा पायथा जेमतेम येतो. धुळ्याच्या माणसाला किल्ल्यांपैकी लळिंग दहा किलोमीटरवर, सोनगीर वीसेक किलोमीटरवर आणि साक्री तालुक्यातला भामेर पन्नासच्या आसपास आहे. चाळीसगावकरांचं नशीब थोर, पाटणादेवी त्यांच्यापासून अठरा किलोमीटरवर.

गोलाबाहेरच्या जागा वाईट नाहीत. त्यांना मुक्काम लागतो, एवढंच. तोरणमाळ एका दिवसात "करून" येणारे लोक मला भेटले आहेत. त्यांनी सहा-सात तास गाडीची काच पाहिली आणि यशवंत तलावाकाठी पंधरा मिनिटं फोटो काढले.

तपासा: गाडी नसेल तर रेल्वे आणि एसटीवर वेगळा गोल काढा. मनमाड-भुसावळ मार्गावर पाचोरा, चाळीसगाव आणि सुरत-भुसावळ मार्गावर अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार ही सोयीची स्टेशनं आहेत. पुढे डोंगराकडे जाणाऱ्या एसटीची परतीची शेवटची गाडी किती वाजता सुटते, हे आधी विचारा. कित्येक गाड्या मुक्कामी असतात. संध्याकाळी गावात येतात आणि सकाळीच परत फिरतात.

२. मग दिशा आणि ऋतू

बाहेरून आलेल्याला सगळे डोंगर सारखेच दिसतात. इथल्या तीन बाजूंचे स्वभाव वेगळे आहेत. हे एकदा ध्यानात आलं की निम्मं काम झालं.

सातपुडा तापीच्या उत्तरेला आहे. आपल्याकडे त्याचा दक्षिण उतार येतो, म्हणजे हिवाळ्यातही सूर्य दिवसभर त्याच्या तोंडावर असतो. मार्चपासून तर ती भट्टीच. शिवाय तो एकामागून एक धारांचा डोंगर आहे. एक धार चढली की पुढे दरी, पलीकडे पुन्हा धार. वर सपाटी लागेल या आशेने चढणारा माणूस तिथे चुकतो. सातपुड्यात ऑगस्ट ते जानेवारी जावं, नवख्याने नाल्याच्या कडेने जाणारी एकच वाट धरावी आणि त्याच वाटेने परत यावं. आडगावजवळची मनुदेवी, अडावदजवळचं उनपदेव, रावेर तालुक्यातलं पाल या बाजूला सुरुवात करायला हरकत नाही.

सातमाळा-अजिंठ्याच्या रांगेचं गणित उलटं आहे. खानदेशातून दिसतो तो तिचा उत्तरेकडचा कडा. हिवाळ्यात सकाळी तो बराच वेळ सावलीत असतो. म्हणून ऑक्टोबर हीट असो की फेब्रुवारीचं चढतं ऊन, मी दक्षिणेची वाट धरतो. आणखी एक फरक म्हणजे कडा चढून वर आलात की पठार लागतं आणि पठारावर लोकांची शेतं, वस्त्या, रस्ते असतात. वाट चुकली तरी वर माणूस भेटतो. पाटणादेवीहून केदारकुंड, कन्हेरगड किंवा पितळखोऱ्याच्या लेण्यांकडे जाणाऱ्या वाटा याच कड्यात आहेत. सोयगावजवळचा वेताळवाडीचा किल्लाही याच रांगेत.

पश्चिमेला साक्री-पिंपळनेरकडे सुटे डोंगर आणि त्यांवरचे किल्ले आहेत. माथा खालूनच दिसतो, गाव पायथ्याशी असतं, चढ छोटा असतो. पहिल्या महिन्यात सराव करायला यांच्यासारखी जागा नाही. धुळेकरांना लळिंग तेच काम करतो. गाव पायथ्याला, वाट उघडी, पाऊण-एक तासात माथा.

एप्रिल-मे महिने सोडून द्या. जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा डोंगरावर जाणं धाडस नसतं, उष्माघाताला आमंत्रण असतं.

सावधान: सातपुड्यातून तापीकडे येणारे नाले लांबीला कमी आणि उताराला जास्त आहेत. खाली लख्ख ऊन असताना वर कोसळलेल्या पावसाचं पाणी अचानक येतं. नाल्याचं पाणी गढूळ झालं, त्यात पालापाचोळा वाहू लागला की सामान सोडून काठ चढा. दक्षिणेकडेही पावसाला हलकं समजू नका. २०२१च्या ऑगस्टअखेरीस चाळीसगाव तालुक्यात एका रात्रीच्या पावसाने पूर आला आणि कन्नड घाटात दरडी कोसळल्या.

३. नकाशासोबत एक संध्याकाळ

ही पायरी जवळजवळ सगळेच टाळतात. मला तीच सगळ्यांत मोलाची वाटते.

फोनमधला रस्त्यांचा नकाशा गाडीसाठी बनलेला असतो, त्याला चढ कळत नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाचे एकास पन्नास हजार प्रमाणाचे नकाशे त्यांच्या संकेतस्थळावरून नोंदणी करून मोफत उतरवून घेता येतात. त्यात दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. तपकिरी रंगाच्या वाकड्यातिकड्या रेषा म्हणजे समोच्च रेषा, सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या. दोन रेषांमध्ये वीस मीटरचा चढ असतो आणि दर पाचवी रेषा जाड असते. म्हणजे एक जाड रेषा ते दुसरी जाड रेषा शंभर मीटर.

पेन्सिल घेऊन बसा आणि या चार गोष्टी शोधा.

रेषा एकमेकींना चिकटलेल्या दिसल्या तर तो कडा. तिथे वाट नसते, असली तरी तुमच्यासाठी नसते. रेषा सैल आहेत आणि डोंगराची सोंड गावाकडे उतरली आहे, अशी जागा चढायला चांगली. दोन उंचवट्यांमधली खोलगट जागा म्हणजे खिंड. जुन्या पायवाटा बहुतेक तिथूनच जातात, कारण माणसं आणि गुरं दोघंही कमी कष्टाची वाट शोधतात. चौथी खूण पाण्याची: निळी रेषा, तलाव, विहीर.

मग वेळ मोजा. माझा हिशोब असा: सपाटीच्या दर किलोमीटरला वीस मिनिटं, चढाच्या दर शंभर मीटरला आणखी पंधरा. समजा वाट चार किलोमीटर आणि चढ साडेतीनशे मीटर आहे. ऐंशी मिनिटं अधिक साधारण बावन्न, म्हणजे सव्वादोन तास. उतरायला पावणेदोन. थांबे धरून पाच तास. सकाळी साडेसहाला पाय उचलला तर साडेअकराला खाली. ऑक्टोबरात ही शेवटची बरी वेळ आहे. हिशोब सहा तासांवर गेला तर पहिल्या महिन्यात ती जागा बाजूला ठेवा.

आता तीच जागा गूगल अर्थवर उपग्रहाच्या चित्रात पाहा. सर्वेक्षणाचा नकाशा जुना असू शकतो. एकदा नकाशात ठळक तुटक रेषेने दाखवलेली पायवाट धरून मी सातपुड्याच्या पायथ्याला गेलो. अर्ध्या तासाने वाट सरळ पाझर तलावाच्या पाण्यात उतरली. काठावर म्हशी धूत बसलेल्या आजोबांनी माझ्या हातातला कागद पाहिला आणि शांतपणे सांगितलं, "बाबा, ती वाट पाण्याखाली जाऊन वीस वर्षं झाली." घरी येऊन उपग्रहाचं चित्र उघडलं तर तलाव स्पष्ट दिसत होता. दोन मिनिटांचं काम मी केलं नव्हतं.

तपासा: निवडलेला भाग फोनमध्ये ऑफलाइन उतरवून ठेवा आणि एक प्रत कागदावर छापा. सातपुड्याच्या आतल्या खोऱ्यांत नेटवर्क जातं आणि थंडीत फोनची बॅटरीही लवकर उतरते.

४. परवानगी आणि पंचांग

डोंगर कुणाच्या हद्दीत आहे ते पाहा. पाटणादेवीचा परिसर गौताळा-औट्रम घाट अभयारण्यात येतो, पालचा परिसर यावल अभयारण्याशी जोडलेला आहे. अभयारण्यात वनविभागाचे नियम लागतात: नाक्यावर नोंद, शुल्क, ठरलेली वेळ, काही वाटा बंद. जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात एक फेरी मारा किंवा फोन करून तीन प्रश्न विचारा. वाट सध्या खुली आहे का? गेट किती वाजता उघडतं आणि बंद होतं? वाटाड्या नेणं सक्तीचं आहे का? मुक्काम, ड्रोन आणि चूल यांबद्दल वेगळं विचारा. "सगळेच जातात" हे उत्तर वनरक्षकासमोर चालत नाही. मुक्ताईनगरकडच्या वढोदा-डोलारखेड्याच्या जंगलात वाघांचा वावर आहे. तिथे पायी भटकायचा विचारही नको.

पंचांग का? नवरात्रात मनुदेवी आणि पाटणादेवीला पाय ठेवायला जागा नसते. धनत्रयोदशीच्या सुमारास नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्यातल्या अस्तंब्याची यात्रा असते. तेराशे मीटरच्या वरचं ते शिखर हजारो लोक रात्रीतून चढतात. दर्शनाला जायचं असेल तर जरूर जा, पण शांतपणे वाट शिकायची ती वेळ नव्हे. होळीच्या आधीच्या आठवड्यात भोंगऱ्या बाजार, म्हणजे आदिवासींचे सणाचे बाजार, भरतात आणि सातपुड्यातले पाडे सणात असतात. तेव्हा वाटाड्या मिळेल असं गृहीत धरू नका.

५. टेहळणीची फेरी

कुटुंबाला किंवा मित्रांना घेऊन थेट जाऊ नका. आधी एकट्याने किंवा दोघांनी अर्ध्या दिवसाची फेरी करा. या फेरीत माथा गाठायचा नाही. काम तीन गोष्टींचं: गाडी कुठे लावायची, पहिल्या एका तासाची वाट कशी आहे, आणि कोण काय सांगतं.

गाडीची गोष्ट मी अनुभवातून सांगतो. यावल-रावेर पट्ट्यात केळीच्या बागा थेट डोंगराच्या पायथ्यापर्यंत जातात. फोनमधल्या नकाशाने एका ऑगस्टमध्ये मला "जवळचा रस्ता" म्हणून केळीच्या दोन बागांमधल्या शेतरस्त्यावर घातलं. वर हिरवंगार, खाली काळी माती, आदल्या रात्री पाऊस. दोनशे मीटरवर चाकं रुतली. उतरलो तर तीन पावलांत बुटांना एवढी माती चिकटली की पाय उचलेना. शेवटी शेतकऱ्याने ट्रॅक्टर आणून दोर लावला, पैसे घेतले नाहीत, उलट घरी नेऊन चहा पाजला. तेव्हापासून पावसाळ्यात माझा नियम ठरला: डांबर संपलं की गाडी थांबली. शेवटच्या गावात विचारून, ट्रॅक्टर-बैलगाडीची वाट न अडवता लावायची आणि दोन किलोमीटर जास्त चालायचं.

आता विचारण्याची पद्धत. "वर जायला रस्ता आहे का?" असं विचारलंत तर उत्तर "आहे" असंच येणार. पाहुण्याला नाही म्हणायची इकडे रीत नाही. "किती लांब?" विचारलंत तर "हे काय, जवळच". सांगणाऱ्याच्या पायांना ते खरंच जवळ असतं. म्हणून प्रश्न बदला:

"तुमची गुरं कुठपर्यंत चरायला जातात?" गुरं जातात तिथवर वाट नक्की असते.

"सकाळी निघालं तर तुम्ही दिवस कुठे आल्यावर परत येता?" यातून वेळ कळतो. त्यात तुमच्यासाठी निम्मा वेळ आणखी मिळवा.

"वर पानी शे का? आणि उन्हाळ्यात?" ("शे" म्हणजे इकडच्या अहिराणीत "आहे".) उन्हाळ्यातही टिकणारा झरा असेल तर तो गावात सगळ्यांना माहीत असतो.

"शेवटी वर कोण गेलं होतं, कधी?" चार महिन्यांत कुणी गेलं नसेल तर वाट गवताने झाकली आहे असं समजा.

एकाच माणसावर थांबू नका. किराणा दुकानदार, गुराखी आणि पाण्याला निघालेली एखादी मावशी, अशा तिघांना वेगवेगळं विचारा. तिघांची उत्तरं जुळली की पुढे व्हा. सातपुड्यातल्या पावरा, भिल्ल, तडवी वस्त्यांमध्ये घरांच्या आतून सरळ चालत जाऊ नका. अंगणाबाहेर थांबून राम राम घाला, आपण कोण आणि कशाला आलो ते सांगा. वाटाड्या घ्यायचा असेल तर पैसे निघण्यापूर्वी ठरवा आणि शाळेच्या दिवशी शाळकरी पोराला सोबत नेऊ नका.

चालताना दर दहा-पंधरा मिनिटांनी मागे वळून वाटेचा फोटो घ्या. जाताना दिसलेली वाट परत येताना अनोळखी वाटते. ढोरवाटा जिथे फुटतात त्या जागी तर नक्कीच घ्या. डोंगरात माणसं जास्त चुकतात ती उतरताना, अशाच फाट्यांवर.

सावधान: कड्याला लटकलेली काळी झालर दिसली तर ते आग्या मोहोळ असू शकतं. तिथे अत्तर, धूर, आरडाओरडा काही नको. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाच्या झाडांखाली अस्वल येतं, तेव्हा उजाडल्याशिवाय जंगलात शिरू नका.

६. पहिली खरी चाल

टेहळणीनंतर दोन आठवड्यांच्या आत जा, नाहीतर वाटेची स्थिती बदलते. चार ते सहा जणांचा गट बरा. सगळ्यांत हळू चालणाऱ्याला पुढून दुसऱ्या जागी ठेवा. तो शेवटी पडला की गट तुटतो.

पाणी माणशी तीन लिटर, थंडीत दोन. निम्मं संपलं की जिथे असाल तिथून परत. माथा दहा मिनिटांवर असला तरी परत. हा नियम मोडून माथा गाठलेले आणि उतरताना पायात गोळे येऊन बसलेले लोक मी खाली आणले आहेत. खायला दशमी, शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि केळी. केळी तर वाटेत घडाच्या भावाने मिळतात. भाकरी-ठेचा डब्यात छान लागतो, पण चढताना तिखट खाल्लं की तहान वाढते. ठेचा उतरल्यावर.

कपडे पूर्ण बाह्यांचे आणि सुती. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कुसळी गवत पिकतं. कुसळं मोज्यांत शिरतात आणि प्रत्येक पावलाला टोचतात. मोज्यांवरून गुडघ्याखाली जुन्या जाड पँटच्या कापडाच्या पट्ट्या गुंडाळा, फार फरक पडतो. बुटांचा तळ खाचांचा हवा, कारण बेसाल्टवर सुटे खडे गोट्यांसारखे पायाखालून निसटतात.

निघण्यापूर्वी घरी एक चिठ्ठी ठेवा: कुठला डोंगर, कुठल्या गावातून, गाडीचा नंबर, परतीची वेळ, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर शोधाशोध सुरू करायची. पायथ्याच्या दुकानातही तेच सांगा. आणीबाणीला ११२, रुग्णवाहिकेला १०८. साप चावला तर बांधाबांध, कापाकापी, मांत्रिक यांतलं काही नाही. माणसाला शांत ठेवायचं, चावलेला भाग हलू द्यायचा नाही आणि थेट प्रतिसर्पविष असलेल्या सरकारी रुग्णालयात न्यायचं. ते जवळ कुठे आहे हे टेहळणीच्या दिवशीच विचारून ठेवा.

तपासा: डिसेंबरात इकडे पावणेसहाच्या सुमारास सूर्य बुडतो आणि खोऱ्यात अंधार त्याआधीच भरतो. दुपारनंतर निघायचंच असेल तर चारला तोंड परतीकडे हवं. विजेरी तरीही जवळ असू द्या.

७. वही

आल्या दिवशी, अंघोळीच्या आधी, एक पान लिहा. महिनाभराने काही आठवत नाही. यादीपेक्षा ही वही तुम्हाला जास्त जागा दाखवते, कारण एका माथ्यावरून दिसलेल्या शेजारच्या तीन सोंडा पुढच्या नकाशावर शोधता येतात. महिना, निघायची आणि पोहोचायची वेळ, सावली कुठवर होती, पाणी कुठे होतं, कुठला फाटा फसवा आणि कुणाला भेटायचं, एवढं पुरे. एका वर्षात अशी पंधरा-वीस पानं झाली की पाहुणे आले, लहान मूल बरोबर आहे, गुडघा दुखतोय, या प्रत्येकासाठी वेगळी जागा तयार असते.

माझ्या वहीतलं लळिंगचं पहिलं पान असं आहे: "नोव्हेंबर. पायथा ६.४०, माथा ७.३५. गावातून चढताना डावी वाट धरली ती चुकीची, काटेरी झुडपांत गेली, दहा मिनिटं वाया. वर टाक्यात पाणी, पिण्याजोगं नाही. आठनंतर सावली संपली. उत्तरेला धुळे शहर, पश्चिमेला तीन सुटे डोंगर, मधल्याला दोन शिखरं, नाव शोधणे. दुकानवाले आप्पा म्हणाले, पुढच्या वेळी पाऊस थांबल्याबरोबर या, कुरणातलं गवत तेव्हा कमरेएवढं असतं."